राजकारणातलं सोवळं

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत तीन वर्षांपूर्वी शिमग्याच्या आधी देवळात बैठक बसली. विषय एकच: पालखी घरोघरी फिरायचे दिवस कमी करायचे की नाहीत. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचं म्हणणं सरळ होतं. रजा मिळते चार दिवस, आणि पालखी आमच्या दारात येईपर्यंत आम्ही परत डोंबिवलीत पोचलेले असतो. मानकऱ्यांतले थोरले अण्णा मात्र एकच वाक्य धरून बसले होते, "बा-आज्यापासून चालत आलंय, त्यात हात घालायचा नाय." दीड तास वाद चालला. मधे कुणाचा तरी आवाज चढला, कुणीतरी उठून गेलं, पुन्हा आलं. शेवटी ठरलं ते असं: होम पौर्णिमेलाच लागेल, पहिला मान ज्या घराचा त्याच घराचा, गाऱ्हाणं घालायचा अधिकार ज्याचा त्याचाच. वाड्यांचा क्रम बदलायचा आणि आठ दिवसांचे पाच करायचे.

अण्णांनी मान हलवली. पण देवळाच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाले, "आज दिवस गेले. उद्या होम पण रविवारी लावतील, बघशील तू."

जगभरातल्या उजव्या पक्षांमध्ये गेली दोनशे वर्षं जे भांडण चाललंय, ते अण्णांच्या या दोन वाक्यांत बसतं. जपायचं असेल तर थोडं सोडावं लागतं, हे बैठकीला पटलं. थोडं सोडलं की सगळंच जातं, ही अण्णांची भीती. दोन्ही बाजूंना जपायचंच असतं, म्हणून हे भांडण विरोधकांशी होणाऱ्या भांडणापेक्षा जास्त कडू होतं.

आधी शब्द निवडून घेऊ, कारण मराठीत इथे बराच गोंधळ आहे. 'उजवे', 'परंपरावादी', 'सनातनी', 'पुराणमतवादी' हे शब्द आपण एकाच पिशवीत टाकतो, आणि त्यातला शेवटचा तर निम्मी शिवीच आहे. मी इथे 'परंपरावादी राजकारण' म्हणतोय ते एवढ्याच अर्थानं: धर्म, कुटुंब, राष्ट्र, मालमत्ता, रूढ संस्था यांत पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण साठलेलं आहे, ते उचलून फेकू नये, असं मानणारं राजकारण. कुठे त्याचा भर धर्मावर असतो, कुठे बाजारावर, कुठे राष्ट्रावर.

या विचारात दोन वेगळ्या जातीची माणसं असतात, आणि ती एकाच पक्षात, एकाच सतरंजीवर बसलेली असतात. हे लक्षात आलं की पुढचं बरंचसं कोडं सुटतं.

पहिल्या जातीचा माणूस कोकणातल्या कुठल्याही घरमालकासारखा. मे महिन्यात, मृग लागायच्या आधी, तो छपरावर माणूस चढवतो आणि कौलं परततो. फुटकी काढतो, सरकलेली बसवतो, एखादा वासा वाळवीनं पोखरला असेल तर बदलतो. दरवर्षी थोडं थोडं बदलतो म्हणूनच आज्याचं घर उभं राहतं. ज्यानं "आज्यानं घातलेला वासा मी काढणार नाही" असं म्हटलं, त्याचं घर श्रावणात खाली आलेलं आपण पाहिलंय. एडमंड बर्क हा अठराव्या शतकातला, आयर्लंडमध्ये जन्मलेला ब्रिटिश खासदार. परंपरावादी विचाराचा तो मूळपुरुष मानला जातो. त्यानं 1790 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर कडाडून टीका केली, आणि त्याच लिखाणात हेही सांगितलं की ज्या राज्याकडे बदलाची सोय नाही त्याच्याकडे स्वतःला टिकवायचीही सोय नाही. त्याच्याही आधी, 1775 मध्ये, अमेरिकन वसाहतींशी समेट करा असं संसदेत सांगताना तो म्हणाला होता की सगळा राज्यकारभार देवाणघेवाणीवर उभा असतो. या माणसाला तडजोड म्हणजे पाप वाटत नाही. त्याचा संशय कोऱ्या कागदावर आखलेल्या योजनांवर असतो.

दुसऱ्या जातीच्या माणसाला वाटतं की घर आधीच बिघडलंय. बापानं मधेच स्लॅब टाकला, ओटी बंद करून खोली काढली, मागीलदारची विहीर बुजवली. आता कौलं परतून काय होणार? आधी ते सगळं पाडा आणि घर मुळात होतं तसं उभं करा. हा माणूस स्वतःला परंपरेचा पाईक म्हणवतो, पण त्याच्या हातात नकाशा असतो, क्रांतिकारकाच्या हातात असतो तसाच. आणि ज्याच्या हातात नकाशा आहे, त्याला प्रत्येक तडजोड म्हणजे बिघाडावर शिक्कामोर्तब वाटते. तो दुराग्रही असेलच असं नाही. पुष्कळदा त्याचं म्हणणं खरं असतं, कारण घर खरोखरच बिघडलेलं असतं.

पक्षातलं भांडण बाहेरून "तत्त्वनिष्ठ विरुद्ध सत्तालोभी" असं दिसतं. ते मला अपुरं वाटतं. सत्तालोभी दोन्हीकडे असतात.

आता काही प्रत्यक्ष घडलेलं पाहू. ब्रिटनमध्ये रॉबर्ट पील हा कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान 1841 मध्ये निवडून आला तो जमीनदार आणि शेतकऱ्यांच्या पाठिंब्यावर. बाहेरून येणाऱ्या धान्यावर जकात लावणारे कायदे राखले जातील, अशी त्यांची खात्री होती. 1845 मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला, लोक उपाशी मरू लागले. पीलनं 1846 मध्ये ते कायदे रद्द केले. स्वतःच्या पक्षाच्या सुमारे दोन तृतीयांश खासदारांनी विरोधात मत दिलं, विरोधकांच्या मतांवर विधेयक पास झालं, आणि काही दिवसांतच पीलचं सरकार गेलं. त्याच्यावर सगळ्यात जहरी टीका करणारा होता त्याच्याच पक्षातला बेंजामिन डिझरेली. पक्ष फुटला तो असा फुटला की कॉन्झर्व्हेटिव्हांना पुन्हा स्पष्ट बहुमत मिळायला 1874 साल उजाडलं, म्हणजे अठ्ठावीस वर्षं. गंमत पुढे आहे. याच डिझरेलीनं 1852 नंतर ती जकात परत आणायचा विषय गुपचूप सोडून दिला. 1867 मध्ये तर मतदारांची संख्या जवळपास दुप्पट करणारा सुधारणा कायदा त्यानंच पुढाकार घेऊन पास करवला. सोवळ्याचा झेंडा घेऊन पीलला पाडणारा माणूस पुढे तडजोडीतला उस्ताद निघाला. पीलची चूक मला वेगळी वाटते. निर्णय बरोबर होता, पण ज्यांनी निवडून दिलं त्यांना विश्वासात न घेता त्यानं तो लादला.

अमेरिकेतली गोष्ट उलट दिशेची. 1964 मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांनी स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी अतिरेक हा दुर्गुण नव्हे अशी गर्जना करत निवडणूक लढवली आणि पन्नासपैकी सहा राज्यं जिंकली. सपाटून मार. पण त्या प्रचारातून जे कार्यकर्ते घडले, त्यांच्या जिवावर सोळा वर्षांनी रोनाल्ड रेगन निवडून आले. म्हणजे सोवळेपणा त्या निवडणुकीत हरला आणि पुढच्या पिढीत जिंकला. मात्र रेगन स्वतः किती सोवळे होते? 1981 मध्ये त्यांनी मोठी करकपात केली आणि 1982 मध्ये तूट वाढल्यावर करवाढीच्या कायद्यावर सहीही केली. भाषण गोल्डवॉटरचं आणि कारभार देवाणघेवाणीचा, हे मिश्रण त्यांना साधलं होतं.

ते साधलं नाही तर काय होतं, हे केव्हिन मॅकार्थींना विचारावं. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचं सभापतिपद मिळवायला त्यांना पंधरा वेळा मतदान घ्यावं लागलं. पक्षातल्या कडव्या गटाला खूश करायला त्यांनी एक सवलत दिली: सभापतींना हटवायचा ठराव एकटा सदस्यही मांडू शकेल. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी सरकारचं कामकाज ठप्प होऊ नये म्हणून त्यांनी विरोधकांची मतं घेऊन विधेयक पास केलं, आणि ऑक्टोबरमध्ये तीच सवलत त्यांच्या गळ्यात आली. स्वपक्षाच्या आठ जणांनी विरोधकांबरोबर मत दिलं आणि ते घरी गेले.

भारतात असं सहसा होत नाही. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडला की सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे आपल्याकडचा नाराज तत्त्वनिष्ठ सभागृहात हात वर करत नाही. तो बैठकांत कुरकुरतो, प्रचाराला बाहेर पडत नाही, सतरंज्या उचलणं बंद करतो. किंवा मग एकदम मोठा गट घेऊन बाहेर पडतो. तिकडे सततची ठिणगी, इकडे थेट स्फोट. महाराष्ट्रानं तो 2019 मध्ये आणि मग 2022 मध्ये पाहिला. शिवसेना काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर गेली तेव्हा भाजपनं शब्द मोडला असं तिनं सांगितलं. शिंदे गट बाहेर पडला तेव्हा हिंदुत्वाशी झालेली तडजोड हे कारण दिलं. आणि जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादीचाच एक गट त्या नव्या सरकारात मंत्री झाला. कोण खरं, कोण खोटं हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला एवढंच दिसतं की दोन्हीकडच्या भाषणांत 'निष्ठा' हाच शब्द होता.

भारतीय जनसंघाची आणि त्यातून आलेल्या भाजपची वाट या वादाची सगळ्यात लांब शाळा आहे, आणि तिच्यात कोकणही येतं. 1977 मध्ये आणीबाणीनंतर जनसंघ जनता पक्षात विसर्जित झाला. त्या मंत्रिमंडळात राजापूरचे समाजवादी खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री, वाजपेयी परराष्ट्रमंत्री, अडवाणी माहिती व नभोवाणी मंत्री. आमच्याकडे समाजवादी आणि संघवाले एकमेकांच्या सभेला सुद्धा जात नसत, ते आता एका टेबलावर. मग दुहेरी सदस्यत्वाचा वाद निघाला. जनसंघातून आलेल्यांनी रा. स्व. संघाशी नातं ठेवायचं की तोडायचं? इथे बघा, पाच दिवस की आठ दिवस हा प्रश्न उरला नव्हता, होमाचीच तारीख बदला असं सांगितलं जात होतं. त्यांनी नाही म्हटलं. 1979 मध्ये सरकार पडलं, त्याला हे एकटं कारण नव्हतं, आणि एप्रिल 1980 मध्ये भाजप स्थापन झाला.

नव्या पक्षानं वाजपेयींच्या अध्यक्षतेखाली 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला. विजयाराजे शिंदे यांनी उघड विरोध केला: हे आपलं नव्हेच. 1984 मध्ये लोकसभेत दोन जागा आल्या. "बघा, पातळ केलं की असं होतं" हा धडा पक्षातल्या कडव्यांनी तिथून घेतला. तो पूर्ण खरा नाही, कारण ती निवडणूक इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची होती आणि त्या लाटेत कुठलंच धोरण तरलं नसतं. पण पक्षांमध्ये धडे असेच घेतले जातात, सोयीच्या पराभवातून. 1989 मध्ये पालमपूरला राममंदिराचा ठराव झाला आणि त्या वर्षी 85 जागा मिळाल्या. 1996 मध्ये 161 जागा येऊनही सरकार तेरा दिवसांत गेलं, कारण बहुमत होईल इतके पक्ष बरोबर यायला तयार नव्हते. सोवळ्यानं पक्ष मोठा झाला आणि त्याच सोवळ्यानं एकटा पडला. म्हणून 1998 मध्ये मित्रपक्ष जोडताना राममंदिर, कलम 370 आणि समान नागरी कायदा हे तिन्ही विषय आघाडीच्या कार्यक्रमाबाहेर ठेवले.

कार्यकर्त्यांना तेव्हा ही शरणागती वाटली. 2019 मध्ये कलम 370 मधल्या तरतुदी हटल्या, जानेवारी 2024 मध्ये मंदिराची प्राणप्रतिष्ठा झाली. त्यांच्या दृष्टीनं आज मागे वळून पाहिलं तर 1998 ची तडजोड वेळेची होती, विषयाची नव्हती. हे निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे, मी फक्त यंत्र कसं चालतं ते सांगतोय. आणि यंत्र पुन्हा फिरलंच: 2024 मध्ये 240 जागांवर थांबल्यावर बहुमतासाठी मित्रपक्ष लागले.

आता आमच्या अंगणातलं. अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला दाभोळ वीज प्रकल्प उभा राहायचा होता. एन्रॉन या अमेरिकन कंपनीबरोबरचा वीजखरेदी करार डिसेंबर 1993 मध्ये काँग्रेसच्या राज्य सरकारनं केला. 1995 च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीनं त्याविरुद्ध रान उठवलं, तेव्हाची एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची भाषा गुहागरात अजून लोकांच्या तोंडी आहे. स्वदेशी हा उजव्या बाजूचा तेव्हाचा पवित्र शब्द. संघपरिवारातला स्वदेशी जागरण मंचही विरोधात होता. सत्ता आली, आणि ऑगस्ट 1995 मध्ये करार रद्द झाल्याची घोषणा खरंच झाली. तालुक्यात काय आनंद होता!

मग वाटाघाटी झाल्या. जानेवारी 1996 मध्ये नवा करार मान्य झाला. वीज स्वस्त पडेल असं सांगण्यात आलं, पण प्रकल्प 2015 मेगावॉटवरून 2184 वर गेला. मे 1996 मध्ये केंद्रातल्या त्या तेरा दिवसांच्या सरकारनं, लोकसभेत बहुमत सिद्ध न करताच, या प्रकल्पाच्या प्रतिहमीला, म्हणजे राज्यानं पैसे थकवले तर केंद्र भरेल या हमीला, मंजुरी दिली. ज्यांनी 1995 मध्ये मत दिलं होतं तेच गावकरी 1997 मध्ये पोलिसांच्या लाठ्या खात होते. 1999 मध्ये वीज सुरू झाली, ती इतकी महाग पडू लागली की 2001 मध्ये राज्य वीज मंडळानं हात वर केले. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनचंच दिवाळं निघालं.

ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, "पाहिलंत, तडजोड केली की असं होतं." मला तसं वाटत नाही. करार रद्द केल्यावर लंडनच्या लवादात भरपाईचा दावा उभा राहिलाच होता, तेव्हा बोलणी करणं यात काही पाप नव्हतं. खोट होती ती आधीच्या सोवळ्यात. समुद्रात बुडवू म्हणणाऱ्यांनी बुडवायचा खर्च काढला नव्हता. हिशेब न करता उंच लावलेला सूर, मग उतरवताना तो धाडकन उतरतो आणि मतदाराला वाटतं आपल्याला विकलं. नाणारच्या वेळी, 2019 मध्ये, युती करताना रिफायनरी हलवायची अट निदान जाहीरपणे टेबलावर ठेवली गेली होती. ते जास्त प्रामाणिक होतं, भले प्रकल्पाबद्दल कुणाचं काहीही मत असो.

पक्षात मग सोवळ्याची सरशी का होते? कारण निवडणुकीला लाखो लोक मत देतात, पण पक्षाच्या बैठकीला येतात चाळीस. जे येतात ते सगळ्यात तापलेले असतात. ज्याला फार काही वाटत नाही तो घरी असतो. आमच्या देवळातल्या बैठकीतही तसंच असतं. आणि बैठकीत "थोडं सबुरीनं घेऊ" म्हणणारा कायम भित्रा दिसतो, "अजिबात नाही" म्हणणारा कायम शूर. सबुरीची किंमत लगेच दिसते, हट्टाची नंतर.

सोवळं हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित हिंदू मंडळी गेली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. नावं छापून आली, ग्रामण्य झालं, म्हणजे त्यांना वाळीत टाकायचा वाद पेटला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, आणि आमच्या रत्नागिरीत जन्मलेले टिळकही. टिळकांनी प्रायश्चित्त घेतल्याचं सांगून विषय मिटवला. पुढे रानड्यांनीही घेतलं, तेव्हा सुधारक त्यांच्यावर तुटून पडले. म्हणजे सोवळं सुधारकांनाही असतं! टिळकांना 'उजवे' म्हणणं म्हणजे आजचं माप कालच्या अंगाला लावणं, पण त्यांच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. 1891 मध्ये मुलींशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी कडवा विरोध केला, परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा करू नये म्हणून. 1916 मध्ये मात्र लखनौला मुस्लिम लीगशी झालेला, स्वतंत्र मतदारसंघ मान्य करणारा करार त्यांनी उचलून धरला. चहाला प्रायश्चित्त, आणि स्वराज्यासाठी एवढी मोठी देवाणघेवाण. आपलं होमाचं लाकूड कुठलं आणि वाड्यांचा क्रम कुठला, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. संमतिवयाच्या बाबतीत त्यांचा क्रम चुकला असं मला वाटतं, तो भाग निराळा.

रत्नागिरीतच सावरकर 1924 ते 1937 स्थानबद्ध होते. भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला आणि 1931 मध्ये पतितपावन मंदिर सर्व जातींना खुलं झालं, तेव्हा गावातल्या सनातन्यांना ते बाटणं वाटलं. हिंदूंची एकजूट टिकवायला रोटीबंदी सोडा, असं सांगणारा माणूस त्यांच्या लेखी परंपरेचा शत्रू होता. पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष असताना 1942 मध्ये, सिंधमध्ये मुस्लिम लीगबरोबर सरकारात बसण्याचं त्यांनी व्यवहारी राजकारण म्हणून समर्थनही केलं. त्यांच्या नावानं आज सोवळ्याची भाषा करणारे या दोन्ही गोष्टी सहसा सांगत नाहीत.

मग एखादी तडजोड ऐकली की मी काय पाहतो? मतं मागतानाच ती सांगितली होती का, की निकालानंतर कळली, हे आधी. मग जे सोडलं ते पुढे परत घेता येण्यासारखं आहे का, हे. आणि बदल्यात काही मिळालं का, की नुसत्या खुर्च्या मिळाल्या. सोवळ्याच्या भाषणालाही मी हेच विचारतो, फक्त उलटून: हे निभावायचा खर्च काढलाय का, आणि तो कोण भरणार? बहुतेकदा भाषण करणाऱ्याच्या खिशातून तो जात नाही.

राहिली आमची पालखी. यंदाच्या बैठकीत ठाण्याहून आलेल्या एका पोरानं सुचवलं, पाचाचे चार दिवस करूया आणि वरच्या वाडीला आधी नेऊया. अण्णा ताडकन उठले. म्हणाले, "पाच दिवस आणि खालची वाडी आधी, हे पूर्वापार आहे. त्यात हात घालायचा नाय."

कुणीच काही बोललं नाही. गुरवानं वही उघडून पाचच दिवस लिहिले.